हातचे आणि पळते

‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,’ असे आपण मुलांना शिकवतो. म्हण खरी आहे. पण ती डोळे मिटून पाळली तर काय होते, याचा एक धडा अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या इतिहासात आहे.

तिथल्या एन.बी.ए. या व्यावसायिक लीगमध्ये 30 संघ आहेत. नवे तरुण खेळाडू संघांत वाटले जावेत म्हणून दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाची निवड होते. तिची रीत मोठी समंजस. सरल्या हंगामात जो संघ तळाशी राहिला, त्याला सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याचा संभव अधिक. पडलेल्याला उठायला हात द्यावा, हा हेतू. मात्र हा हक्क दुसऱ्या संघाला देताही येतो. पुढच्या वर्षांचे हक्क द्यायचे आणि आज कसलेला खेळाडू आणायचा!

नेट्स हा संघ 2012 साली न्यू जर्सीहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आला. पाच वर्षांत अजिंक्यपद मिळवू, अशी भाषा मालकांनी 2010 मध्येच केली होती. 2013 साली त्यांनी बॉस्टन सेल्टिक्सकडून केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांना आणले. दोघेही 2008 च्या विजेत्या संघाचे खांब. पण एकाचे वय 37, दुसऱ्याचे 35. बदल्यात काही खेळाडू दिले, 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीचे हक्क दिले, आणि 2017 साली क्रमांक बदलून घेण्याची मुभाही दिली.

एक वर्ष सोडून एक का, म्हणाल. त्यामागे एक जुना नियम आहे. 1980 नंतर क्लीव्हलंडच्या संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी असेच हक्क वाटून टाकले आणि संघ रसातळाला गेला. तेव्हा लीगने ठरवले, की लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीचा हक्कच उरणार नाही, असा व्यवहार करता येणार नाही. नेट्सनी नियमाचे अक्षर पाळले. अर्थ मात्र विसरले.

पुढे काय झाले बघा. पहिल्या वर्षी संघ एक फेरी जिंकला आणि दुसरीत हरला. दोन वर्षांच्या आत दोघेही गेले. 2016-17 मध्ये तर नेट्स 82 पैकी 20 सामने जिंकून सर्वांत तळाशी राहिले. पण तळाशी राहण्याचा लाभ त्यांचा नव्हता, बॉस्टनचा होता! त्या हक्कांतूनच बॉस्टनला 2016 मध्ये जेलन ब्राऊन आणि 2017 मध्ये जेसन टेटम मिळाला. दोघांनी 2024 साली अजिंक्यपद आणले.

मग असा व्यवहार करूच नये काय? तसेही नाही. 2019 साली लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी तरुण खेळाडू आणि हक्क देऊन अँथनी डेव्हिसला आणले आणि 2020 साली ते विजेते झाले. पण डेव्हिस तेव्हा 26 वर्षांचा, ऐन उमेदीतला होता.

तेव्हा म्हण नीट समजून घ्यावी. पुढच्या वर्षाचा हक्क म्हणजे पळते नव्हे. ते कणगीतले बियाणे आहे. आज दिले तर घरात काही उणे दिसत नाही. उणे दिसते ते पेरणीच्या दिवशी. आणि तेव्हा विकणारा बहुधा घरात नसतो; रिकामे शेत मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येते.