डल्सिमर : नांव, काल व वादनाची साक्ष

जुन्या कागदाची परीक्षा करणारास मोडी वाचतां आली पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. कागदाचा पोत, शाई, शिक्का व मायना यांवरून पुष्कळ कळतें. पण अक्षर लागल्याखेरीज कागद बोलत नाहीं. जुन्या वाद्यांच्या बाबतींत मात्र हा नियम आपण पाळीत नाहीं. वाद्याचें माप घेतों, लांकूड ओळखतों, नक्षीचें चित्र काढतों, आणि तें वाजतें कसें हें न शिकतांच त्याचा काल ठरवूं लागतों. मोडी न येतां दप्तराची यादी करावी, त्यांतलाच हा प्रकार होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अ‍ॅपलाशियन डोंगराळ मुलखाचें डल्सिमर हें या गोष्टीचें चांगलें उदाहरण आहे. त्याच्या इतिहासांत एक दंतकथा कशी शिरली, ती पुराव्यापुढें कशी टिकली नाहीं, आणि लोकसंगीताच्या एकदिवसीय वर्गांत नवशिक्या जें शिकतो त्यानें त्या पुराव्यावर कोणता उजेड पडतो, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम नांवाचा घोळ उलगडला पाहिजे. डल्सिमर या एकाच नांवानें दोन निरनिराळीं वाद्यें ओळखलीं जातात. पहिलें म्हणजे समलंब आकाराच्या पेटीवर पुष्कळ तारा ताणून, त्यांवर दोन हलक्या काड्यांनीं आघात करून वाजवावयाचें वाद्य. इराणांतील व काश्मीरांतील संतूर हें याचेंच भावंड. पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनीं १९५५ सालीं मुंबईंतील संमेलनांत तें वाजविलें, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील श्रोत्यांस त्याचा परिचय होत गेला. दुसरें वाद्य अगदीं वेगळें. तें लांबट व अरुंद पेटीचें असून मांडीवर आडवें ठेवितात; पेटीच्या मध्यावरून एक उंच पट्टी जाते, तिच्यावर पडदे असतात, आणि तारा बहुधा तीन किंवा चार. डोंगरी डल्सिमर म्हणतात तें हें. दोहोंची घडण निराळी, वादन निराळें, कुळहि निराळें.

शब्दाची हकीकत तर याहून गुंतागुंतीची आहे. बायबलांतील दानीएलाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत बाबिलोनच्या राजाच्या वाद्यवृंदाची यादी आली आहे. तींतील ‘पसंतेरीन’ हा आरामी शब्द ग्रीक ‘साल्तेरिऑन’ याचें रूप असून, संतूर हें नांवहि त्याच मुळाचें असल्याचें विद्वान् मानतात. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीं मात्र त्याच यादींतील शेवटच्या ‘सूंपोन्या’ या शब्दासाठीं डल्सिमर हें नांव योजिलें; आणि तें वाद्य नेमकें कोणतें, याविषयीं आजहि मतभेद आहेत. हें भाषांतर इंग्रजी बोलणाऱ्या घरोघरीं वाचलें जाई. त्यामुळें डल्सिमर या नांवास जुनेपणाचा व पावित्र्याचा एक वास आपोआप लागला. उलटपक्षीं, लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स यानें १६६२ च्या मे महिन्यांत डल्सिमर प्रथम पाहिल्याची नोंद केली आहे, तींतलें वाद्य काड्यांनीं वाजविलेलें आहे. म्हणजे इंग्लंडांत डल्सिमर म्हणून जें ओळखलें जाई तें संतूराच्या जातीचें. डोंगरी डल्सिमर नव्हे. यावरून नांव जुनें म्हणून वस्तूहि तितकीच जुनी, असें अनुमान काढणें किती धोक्याचें आहे हें दिसून येईल. त्या प्रांतांतील जुन्या मालमत्तेच्या यादींत ‘एक डल्सिमर’ एवढीच नोंद असली, तर दोहोंपैकीं कोणतें वाद्य अभिप्रेत आहे हें केवळ नांवावरून सांगतां येत नाहीं.

आतां दंतकथेकडे वळूं. केंटकी संस्थानांतील बेरिया महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनीं १८९९ सालीं एक निबंध प्रसिद्ध करून, या डोंगरांतील रहिवासी म्हणजे आपलेच पूर्वज, फक्त आपल्या काळांत जगणारे, असें चित्र रंगविलें. पुढें १९१६ ते १९१८ या काळांत इंग्रज गीतसंग्राहक सेसिल शार्प व त्यांच्या साहाय्यक मॉड कार्पेलिस यांनीं त्याच मुलखांत हिंडून इंग्लंड-स्कॉटलंडकडील जुन्या कथागीतांचा मोठा संग्रह केला. गाणीं खरोखरच विलायतेहून आलेलीं होतीं. तेव्हां गाणें इंग्रजी म्हणून साथीचें वाद्यहि इंग्रजी, आणि तें एलिझाबेथ राणीच्या वेळचें, अशी समजूत रूढ झाली. अनुमान वरकरणीं सरळ आहे. पण त्याला आधार नाहीं. वसाहतकरी ज्या काळीं समुद्र ओलांडून गेले त्या काळीं इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंड येथें अशा घडणीचें पडद्यांचें वाद्य प्रचारांत असल्याचा पुरावा मिळत नाहीं. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही बखर झाली. अस्सल कागद निराळेंच सांगतात.

ते अस्सल कागद म्हणजे खुद्द वाद्यें. जर्मन पंडित मिखाएल प्रेटोरियस यानें १६१९ च्या आपल्या वाद्यविषयक ग्रंथांत ‘शाइटहोल्ट’ नांवाच्या वाद्याचें वर्णन केलें असून, त्याची गणना हलक्या, भिकाऱ्यांच्या वाद्यांत केली आहे. लांकडाच्या ओंडक्यासारखी सरळ पेटी, थोड्या तारा, एका तारेखालीं पडदे व बाकीच्या तारांचा अखंड सूर, ही त्याची घडण. नॉर्वेचें लांगेलाइक, फ्रान्सच्या व्होज प्रांतांतील एपिनेट व स्वीडनचें हुमेल हीं याच कुळांतील होत. अठराव्या शतकांत पेन्सिल्व्हेनियांत वसति करणाऱ्या जर्मन कुटुंबांबरोबर हें वाद्य अमेरिकेंत गेलें. त्यांच्याकडील अशा वाद्यांवर हेन्री मर्सर (१८५६–१९३०) या पुराणवस्तुसंग्राहकानें बक्स परगण्याच्या इतिहास मंडळापुढें निबंध वाचला. स्थानिक इतिहास मंडळाचें दप्तर एखाद्या वाद्याच्या कुळकथेस कसें उपयोगीं पडतें याचा हा दाखला आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

जर्मन लोक पेन्सिल्व्हेनियांतून खोऱ्याखोऱ्यानें दक्षिणेस व्हर्जिनियाकडे सरकले, आणि तेथें त्यांचा शेजार स्कॉटिश-आयरिश वसाहतकऱ्यांशीं झाला. याच वाटेवर, व्हर्जिनियाच्या फ्लॉइड परगण्यांत, १८३२ ही तारीख असलेलें एक डल्सिमर मिळालें आहे. तारीखवार अशा जुन्या वाद्यांत त्याचें स्थान अग्रभागीं आहे. पुढें केंटकीच्या नॉट परगण्यांतील जेम्स एडवर्ड टॉमस (१८५०–१९३३) या कारागिरानें कमरेशीं निमुळत्या आकाराचीं शेंकडों वाद्यें केलीं व त्यांपैकीं अनेकांत क्रमांक व तारीख घातली. इतिहासाची केवढी ही सोय! चार्ल्स सीगर यांनीं १९५८ सालीं या वाद्यावर निबंध लिहिला. अ‍ॅलन स्मिथ यांनीं १९८३ सालीं जुन्या वाद्यांची सूचीच प्रसिद्ध केली. आणि राल्फ ली स्मिथ यांनीं गांवोगांवच्या वाद्यांचा मागोवा घेतला. या सर्वांचा निष्कर्ष असा कीं, जर्मन सरळ पेटीवर उंच पट्टी चढून व पेटीला गोलाई येऊन, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास डोंगरी डल्सिमर आकारास आलें. म्हणजे एलिझाबेथ राणीचा काल सोडून आपण पेशवाईच्या अखेरीपाशीं येऊन पोंचतों.

येथवर मापें, आकार व तारखा यांनीं काम भागलें. पण हीं वाद्यें वाजवीत कशीं, याचें उत्तर तारखेंत नाहीं. त्यासाठीं शिकवणीवर्गांत बसलें पाहिजे.

लोकसंगीताच्या एकदिवसीय वर्गांत कधींहि वाद्य हातीं न धरलेला मनुष्य येतो आणि बहुधा दुपारपर्यंत एक सोपी चाल वाजवूं लागतो. याचें रहस्य पडद्यांच्या मांडणींत आहे. सतारीचे पडदे सरकवितां येतात. डल्सिमरचे पक्के बसविलेले असतात, आणि ते सप्तकांतील बारा स्वरांचे नसून सातांचेच असतात. त्यामुळें चालीबाहेरचा कोमल-तीव्र स्वर चुकून लागण्याची धास्ती फारशी राहात नाहीं. बाकीच्या तारा तंबोऱ्याप्रमाणें षड्ज-पंचमाचा आधार धरून असतात. शिक्षक कागदावर पडद्यांचे आंकडे मांडून देतो; विद्यार्थी आंकडा पाहतो, पडद्यामागें तार दाबतो, उजव्या हातानें नखी फिरवितो, आणि चाल उमटते.

मग तो तार मिळविण्याच्या प्रश्नाशीं येतो, आणि इतिहास येथूनच बोलूं लागतो. आजच्या वर्गांत तारा बहुधा षड्ज, पंचम व वरचा षड्ज अशा मिळवितात. या मेळांत पहिली तार मोकळी धरून चढत गेल्यास निषाद कोमल येतो. म्हणजे आपला खमाज थाट होतो. शुद्ध निषाद हवा असल्यास सहाव्या व सातव्या पडद्यांच्या मध्यें एक जादा पडदा लागतो. त्यास साडेसहावा असेंच म्हणतात. हा साडेसहावा पडदा विसाव्या शतकांत रूढ झाला. जुन्या वाद्यांवर तो मूळचा नसतो. मग जुने वादक बिलावलाच्या स्वरांतील चाली वाजवीत कशा? ते पहिली तार पंचमांत मिळवीत आणि तिसऱ्या पडद्यावर षड्ज धरीत. तेथून शुद्ध स्वरांचें सप्तक आपोआप हातीं लागतें. आसावरीसारखे स्वर हवे असल्यास ती एक तार पुन्हां मिळवून घेत व पहिल्या पडद्यापासून आरंभ करीत. प्रत्येक थाटासाठीं तार बदलावयाची, ही जुनी रीत. एकदांच मिळवून सर्व चाली वाजवावयाच्या, ही नवी. साडेसहावा पडदा असलेलें वाद्य कोणी शंभर वर्षांचें म्हणून पुढें आणल्यास, एकतर तें तितकें जुनें नाहीं किंवा तो पडदा मागाहून बसविलेला आहे, हें वर्गांत एक दिवस बसलेल्या मनुष्यास तत्काळ कळेल.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. आज बोटांनीं तिन्ही तारा दाबून स्वरसंघ वाजवावयास शिकवितात. जुन्या पद्धतींत डाव्या हातांत लांकडाची किंवा बांबूची लहानशी काडी धरून ती फक्त पहिल्या तारेवर सरकवीत, आणि उजव्या हातांत पक्ष्याच्या पिसाचें देंठ नखी म्हणून धरीत. काडी सरकतांना तारेचा जो किंचित् कुरकुरता घसरता सूर निघतो, तो त्या वादनाची ओळखच होय. अनेक जुन्या वाद्यांचे पडदे पट्टीच्या पूर्ण रुंदीचे नसून केवळ पहिल्या तारेखालींच तारेच्या लहान आंकड्यांसारखे ठोकलेले आढळतात; आणि झीजहि तेथेंच दिसते. ज्यानें काडी हातीं धरली नाहीं, त्यास हे आखूड पडदे कारागिराची काटकसर किंवा अपुरेपणा वाटेल. ज्यानें धरली, त्यास तें पूर्ण वाद्य आहे हें समजेल. कारण बाकीच्या तारा दाबावयाच्याच नव्हत्या.

शिकण्याची रीतहि बदलत गेली. केंटकीच्या व्हायपर गांवच्या जीन रिची (१९२२–२०१५) या चौदा भावंडांत धाकट्या. वडिलांच्या डल्सिमरला मुलांनीं हात लावूं नये अशी ताकीद असतां, त्या लपून वाजवीत. आणि वडील शिकवावयास बसले तेव्हां मुलीस आधींच थोडें येत असल्याचें त्यांस दिसलें. घरांतली विद्या अशी पाहून व चोरून येत असे. १९०२ सालीं स्थापन झालेल्या हिंडमन येथील शाळेंत सुतारकाम शिकविणारे जेथ्रो अँबर्गी यांनीं टॉमसची कारागिरी पुढें चालविली. जीन रिची १९४७ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेल्या, आणि १९६३ सालीं त्यांनीं डल्सिमरवर पुस्तक लिहिलें; त्यानंतर घरची विद्या पुस्तकाची व वर्गाची झाली. उत्तर कॅरोलायनांतील १९२५ सालच्या जॉन कँबेल लोकशाळेसारख्या ठिकाणीं ती आजहि शिकवितात. यांत वाईट कांहीं नाहीं. वर्ग नसते तर वाद्य कपाटांतच राहिलें असतें. परंतु वर्गांतला हात हा नवा हात आहे, तो पूर्वजांचा समजणें म्हणजे जुनी दंतकथा टाकून नवी घेणें होय.

आणि याच ठिकाणीं खरी हानि होते. आजोबांचें डल्सिमर नातवास वर्गांत न्यावेंसें वाटतें. आखूड पडद्यांवर तीन बोटांचे स्वरसंघ वाजत नाहींत. म्हणून तो तें दुरुस्तीस देतो. कारागीर आखूड पडदे उपटून पूर्ण रुंदीचे बसवितो, साडेसहावा घालतो, झिजलेली पट्टी तासून सारखी करतो, कानानें बसविलेले जुने अंतर नव्या मापानें ‘शुद्ध’ करतो. वाद्य गोड वाजूं लागतें. मात्र काडीची झीज, जुने स्वरांतर व वादनाची सर्व साक्ष एका दिवसांत नाहींशी होते. पत्राच्या कडा छाटून, पुसट अक्षरांवर नवी शाई फिरवून तें सुवाच्य करणाऱ्या हौशी संग्राहकाची आठवण येथें कोणास होणार नाहीं?

उपाय अवघड नाहीं. वाचनासाठीं नक्कल आणि बस्त्यांत अस्सल, ही दप्तरखान्याची शिस्त वाद्यांसहि लागू करावी. शिकण्यासाठीं नवें वाद्य घ्यावें किंवा जुन्याची प्रतिकृति करवावी. जुन्याचे पडदे, झीज, खुंट्या व आंतील चिठ्ठी यांस हात लावूं नये, आणि दुरुस्ती अपरिहार्य झाल्यास तिच्यापूर्वीं प्रत्येक पडद्याचें अंतर मोजून नोंदवावें. संग्राहकानें स्वतः एक दिवस तरी शिकवणीस बसावें, आणि शिक्षकास बोटांबरोबर काडीचीहि रीत विचारावी. ज्यांच्या घरीं जुन्या वीणा, सतारी किंवा सारंग्या टांगलेल्या आहेत अशा आमच्या वाचकांसहि ही विनंति तितकीच लागू आहे. उतरलेली तार चढविण्यापूर्वीं जव्हारी कोठें झिजली आहे तें पाहावें, पडद्यांच्या जागांचीं मापें टिपून ठेवावीं. तो मजकूर अजून कोणी वाचलेला नसेल.