संगणकावर मोडी : पॅच, बांधणी आणि खबरदारी

रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक जुन्या घराण्यांकडे आजही मोडी कागदपत्रांची दप्तरे आहेत. खोती पद्धत १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने संपुष्टात आली. मात्र खोतांचे हिशेब, जमिनीची खते, वाटणीपत्रे हा व्यवहार पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे मोडीतच होत असे. हद्द वा वहिवाटीचा प्रश्न निघाला की हे कागद बाहेर काढले जातात आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराचा शोध सुरू होतो. कागदाचे छायाचित्र संगणकात साठवणे सोपे आहे. परंतु त्या चित्रातील माणसाचे वा गावाचे नाव संगणकाला शोधता येत नाही. त्यासाठी मजकूर अक्षररूपाने टंकित करावा लागतो. ही सोय देणाऱ्या मोजक्या साधनांपैकी 'ईमॅक्स' हा टेक्स्ट एडिटर एक होय.

चार दुवे

पडद्यावर मोडी उमटण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, प्रत्येक अक्षराला क्रमांक. अंशुमान पांडे यांनी २०११ साली मांडलेल्या प्रस्तावानंतर मोडीला २०१४ च्या युनिकोड ७.० आवृत्तीत स्थान मिळाले. दुसरी, टंक, 'नोटो सॅन्स मोडी' हा टंक विनामूल्य मिळतो. तिसरी, काना-मात्रा आणि जोडाक्षरे योग्य जागी बसवणारी यंत्रणा. ईमॅक्समध्ये २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून हे काम 'हार्फबझ' ही संहिता करू शकते. चौथी गोष्ट म्हणजे कळफलकाची रचना. टंक नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. जोडणीची यंत्रणा नसेल तर जोडाक्षरे सुटी पडतात.

ग्नू ईमॅक्स हा कार्यक्रम रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. त्यामुळेच मोडीसारख्या, बाजारपेठ अगदी लहान असलेल्या लिपीला त्यात जागा मिळू शकली. स्वयंसेवकांनी पाठवलेले बदल मूळ कार्यक्रमात सामावले गेले आणि जुलै २०२३ मधील २९.१ आवृत्तीत मोडीचा समावेश झाला.

पॅच म्हणजे काय?

असा बदल ज्या स्वरूपात पाठवतात त्याला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. ही एक साधी मजकुराची फाइल असते. वगळायच्या ओळीपुढे वजाचे आणि नव्या ओळीपुढे अधिकचे चिन्ह असते. बदलाची जागा ओळखू यावी म्हणून मागच्यापुढच्या सहसा तीन-तीन ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात. अशी फाइल मूळ कोडला लावणारा 'पॅच' हा कार्यक्रम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. काही हजार ओळींच्या कार्यक्रमातील दहा ओळींची दुरुस्ती त्यामुळे एका छोट्या पत्रासारखी पाठवता येते.

बांधणीचा क्रम

लिनक्सच्या अलीकडच्या वितरणांत ईमॅक्सची २९ वी वा नंतरची आवृत्ती तयार मिळते. तिथे हा खटाटोप करण्याचे कारण नाही. वितरण जुने असेल किंवा स्वतः केलेली दुरुस्ती लावायची असेल, तर मात्र बांधणी करावी लागते. प्रथम मूळ कोडचा गठ्ठा उतरवून उघडावा. पॅच लावण्यापूर्वी 'ड्राय रन' हा पर्याय देऊन रंगीत तालीम करावी. त्यात कोणतीही फाइल बदलत नाही. पॅच एका आवृत्तीसाठी लिहिलेला आणि कोड दुसऱ्या आवृत्तीचा असेल, तर आजूबाजूच्या ओळी जुळत नाहीत आणि तो तुकडा नाकारला जातो. नाकारलेले तुकडे वेगळ्या फाइलमध्ये जमा होतात. ते समजून घेऊन हाताने बसवावे लागतात.

पॅच लागल्यावर 'कॉन्फिगर' आज्ञा संगणकावर कोणकोणत्या संहिता आहेत याची तपासणी करते. मराठी वापरणाऱ्याने येथेच थांबून पाहावे. हार्फबझची विकासासाठीची फाइल-पेटी बसवलेली नसेल, तर बांधणी न अडता पुढे जाऊ शकते. ईमॅक्स तयार होतो, पण अक्षरांच्या जोडणीत कसर राहण्याची शक्यता असते. कॉन्फिगरच्या अखेरीस येणाऱ्या यादीत हार्फबझपुढे 'यस' आहे ना, हे वाचूनच पुढची 'मेक' आज्ञा द्यावी. सोर्स कोडचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर, म्हणजेच कंपाइल, याच टप्प्यात होते.

तयार झालेल्या ईमॅक्समध्ये 'कंट्रोल-एच' आणि त्यानंतर 'एच' दाबल्यास अनेक भाषांतील अभिवादनांचे पान उघडते. त्यातील मोडी ओळ नीट दिसली, तर टंक आणि जोडणी दोन्ही ठीक आहेत असे समजावे.

खबरदारी

नवी बांधणी स्वतःच्या फोल्डरमध्ये, जुनी आवृत्ती न काढता करावी. पॅच उलटवण्याचीही सोय असते, तरी मूळ गठ्ठा जपून ठेवावा. मुख्य म्हणजे अनोळखी माणसाचा पॅच न वाचता लावू नये. पॅचमधील प्रत्येक ओळ वापरणाऱ्याच्याच अधिकाराने संगणकावर चालते. तिला त्याच्या फाइली वाचता येतात, तशाच पुसताही येतात.

पॅच लावून एडिटरला मोडी लिहिता येते, वाचता येत नाही. मोडीत शब्दांमध्ये अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही आणि हस्ताक्षरागणिक वळण बदलते. कागद वाचणारा जाणकार म्हणूनच आजही लागतोच. मात्र त्याने एकदा वाचून टंकित केलेला मजकूर पुढच्या पिढीला शोधता येतो, पडताळता येतो आणि मूळ कागदाला वाळवी लागली तरी हाती राहतो.