गिटलॅबची रात्र : ३१ जानेवारी २०१७

(वेळा यूटीसीप्रमाणे. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवावेत.)

१७.२० : लोकांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब डॉट कॉमच्या एका अभियंत्याला चाचणीच्या सर्व्हरवर प्रयोग करायचा आहे. खरा डेटा हवा म्हणून तो मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतो. एरवी हा दिवसातून एकदाच, आपोआप निघतो. आजचा जादा.

१९.०० : डेटाबेसवर ताण. स्पॅमवाल्यांचं काम असावं, असा कयास. त्यात आणखी एक भर पडली होती, ती नंतर कळली: कोणा खोडसाळाने कंपनीच्याच कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार ठोकली होती आणि ते खातं डेटासकट पुसलं जात होतं.

२३.०० : ताणामुळे मुख्य डेटाबेसची प्रत ठेवणारा दुय्यम डेटाबेस इतका मागे पडलाय की त्याला हव्या असलेल्या नोंदी मुख्य सर्व्हरने काढूनही टाकल्यात. आता दुय्यमवरचं सगळं पुसून नवी प्रत आणायची. पण प्रत आणणारी आज्ञा सुरू होते आणि गप्प बसते. ना चूक दाखवते, ना पुढे सरकते. खरं तर ती मुख्य सर्व्हरची वाट पाहतेय, पण तसं सांगत नाही. असल्या मुक्या आज्ञांनी माणसाचं डोकं फिरतं. सेटिंग बदलूनही तेच. रात्र चढलेली. आधीच्या प्रयत्नांतल्या फायली आड येत असतील, असं अभियंत्याला वाटतं.

२३.३०च्या सुमारास : तो डेटाची डिरेक्टरी उडवतो. एक-दोन सेकंदांत लक्षात येतं, आज्ञा दुय्यम नव्हे, मुख्य सर्व्हरवर गेली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबींतले साडेचार उरतात.

मध्यरात्र : बॅकअपची शोधाशोध. बॅकअप ठेवायची अ‍ॅमेझॉनवरची बकेट रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा, बॅकअप घेणारं साधन ९.२चं, ते रोज मुकाट नापास होत होतं. नापास झाल्याचे ईमेल डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या नियमात अडकून परत जात होते. अ‍ॅझ्युअरवरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेससाठी चालूच केले नव्हते. हाती राहतो तो चाचणीच्या सर्व्हरवरचा १७.२०चा जादा स्नॅपशॉट.

१ फेब्रुवारी : चाचणीच्या सर्व्हरची डिस्क संथ, त्यामुळे कॉपी तासन्‌तास रांगते. कंपनी मात्र काही झाकत नाही. दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करते.

१८.१४ : साइट सुरू. सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली.

कोड शाबूत राहिला. गिटची कमिट-हिस्टरी त्या डेटाबेसात नव्हतीच, शिवाय क्लोन केलेल्या प्रत्येकाकडे तिची अख्खी प्रत असते. रिमोटवरच्या जुन्या कमिटमध्ये राहिलेला पासवर्ड ज्यांनी काढून पाहिलाय, त्यांना हे ठाऊक आहे: सगळी हिस्टरी नव्याने लिहा, फोर्स पुश करा, तरी कोणाच्या तरी लॅपटॉपवरून एका पुशमध्ये जुनी हिस्टरी परत येऊ शकते. बगच्या नोंदी आणि हा कोड असाच का लिहिला यावरचे वाद मात्र त्या एकाच डेटाबेसात होते.