बंदुकीचं वय

आमच्या ब्लॅकटाउनच्या गल्लीत एक आजीबाई राहतात. परवा शेड आवरताना त्यांना फडक्यात गुंडाळलेली शिकारीची जुनी रायफल सापडली. सासऱ्यांनी ती १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत वापरली होती, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. "तू इंजिनियर ना? हिचं वय सांग बघू!"

म्हटलं, आजी, आधी हात लावू नका. इथे १ जुलै २०२१ पासून कायमची माफी योजना आहे. नोंद नसलेली बंदूक पोलिसांकडे किंवा योजनेतल्या परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची, ती बेकायदा बाळगल्याचा गुन्हा लागत नाही. त्यांनी विक्रेत्याला बोलावलं. त्याने ती रिकामी असल्याची खात्री केली आणि टेबलावर ठेवली. मी फक्त बघत होतो.

ही मूळची शिकारी बंदूक नव्हेच. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसली तीच थ्री-नॉट-थ्री! युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या लष्करी रायफलींचं पुढचं लाकूड कापून लोक त्या कांगारू-सशांच्या मागे नेत. त्यामुळे लाकडाच्या कापावरून वय ठरवायला गेलात तर फसाल.

खरा जन्मदाखला असतो लोखंडावर. बोल्टच्या दांडीखाली, दस्ता सुरू होतो तिथे उजव्या बाजूला मुकुट, खाली 'लिथगो' आणि साल. लिथगो म्हणजे आमच्याच रेल्वेमार्गावर, ब्लू माउंटन्सच्या पलीकडलं गाव. तिथला सरकारी कारखाना ८ जून १९१२ रोजी सुरू झाला. रायफल इंग्रजी नमुन्याची, पण यंत्रसामग्री अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीची. आता तिथे संग्रहालय आहे.

पण एका आकड्यावर विसंबू नये. नळीवर वेगळं साल असू शकतं, कारण झिजलेली नळी बदलत. बोल्ट, नळी आणि सांगाडा यांचे क्रमांक जुळतात का ते पाहावं लागतं. 'एफ.टी.आर.' अशी अक्षरं दिसली तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाली असं समजायचं. पुढचं साल दुरुस्तीचं, जन्माचं नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडावर चक्क 'स्लॅझ' असा शिक्का सापडतो. टेनिस रॅकेटवाली स्लॅझेंजर कंपनी तेव्हा दस्ते बनवत होती!

आपल्याकडच्या इशापूरच्या रायफलींवरही ओळखीची जागा हीच. स्वातंत्र्याआधी मुकुट आणि जी.आर.आय., नंतर अशोकस्तंभाचे सिंह. काडतुसाच्या बुडाशी 'के.एफ.' दिसलं तर ते आपल्या पुण्याच्या खडकीचं. शेजारचे दोन आकडे सालाचे.

असो. विक्रेत्याने गंज पुसला. साल निघालं १९४२. बोल्टचा आणि सांगाड्याचा क्रमांक एकच.

आजी गप्प झाल्या. "म्हणजे सासरे खोटं बोलले?"

तसं नाही, मी म्हटलं. गॅलिपोलीत ते नव्हते असं ही बंदूक सांगत नाही. ती एवढंच सांगते, की मी तिथे नव्हते. त्यांचं काय ते सैन्याच्या नोंदी सांगतील. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या सेवापुस्तिका राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवल्या आहेत.

रायफल विक्रेत्याबरोबर गेली. आजींनी सासऱ्यांचं पूर्ण नाव माझ्या वहीत लिहून दिलंय. रविवारी शोधायला बसायचंय.