कार्ल रॉजर्स

कार्ल रॅन्सम रॉजर्स (जन्म : ८ जानेवारी १९०२, ओक पार्क, इलिनॉय, मृत्यू : ४ फेब्रुवारी १९८७, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक होते. ते व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीचे प्रवर्तक मानले जातात. आपले दुखणे नेमके कोठे आहे आणि कोणत्या दिशेने जावयाचे, हे सल्लार्थीलाच सर्वाधिक ठाऊक असते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय.

शिक्षण

रॉजर्स यांचे बालपण धार्मिक व शिस्तप्रिय कुटुंबात गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी प्रारंभी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र १९२४ मध्ये पदवी संपादन केली ती इतिहास विषयात. धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने ते न्यूयॉर्कमधील युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. तथापि ठरावीक धर्ममताशी बांधून घेणे न रुचल्याने ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले. १९३१ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

रॉचेस्टरमधील अनुभव

१९२८ पासून सुमारे बारा वर्षे रॉजर्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे उपेक्षित व समस्याग्रस्त मुलांसाठी काम केले. तेथील एक अनुभव त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. एका उपद्व्यापी मुलाच्या आईला, तिने त्याचा केलेला अव्हेर हेच समस्येचे मूळ आहे, असे ते अनेक भेटींत समजावीत राहिले. पण उपयोग झाला नाही. अखेर भेटी थांबविण्याचे ठरले. निघताना तिने येथे प्रौढांनाही समुपदेशन मिळते का, असे विचारले आणि होकार मिळताच ती परत बसून स्वतःच्या संसारातील व्यथा सांगू लागली. खरा उपचार तेथून सुरू झाला. पुढे मुलाचे वर्तनही सुधारले.

पुढील कारकीर्द

१९४० मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या १९४२ च्या ग्रंथात एका संपूर्ण उपचारातील संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापले होते. बंद दाराआडचा हा व्यवहार त्यामुळे अभ्यासकांना तपासता आला. १९४५ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र उभारले. ‘रुग्ण’ या शब्दाऐवजी त्यांनी ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला.

उपचारपद्धती

रॉजर्स यांनी समुपदेशकाच्या ठायी तीन गुण आवश्यक मानले : वागण्याबोलण्यातील सच्चेपणा, सल्लार्थीचा विनाअट स्वीकार आणि समानुभूती. समानुभूती म्हणजे कीव नव्हे. दुसऱ्याचे जग त्याच्या दृष्टीने पाहणे, पण त्यात स्वतः वाहून न जाणे. समुपदेशक निदान किंवा उपदेश करीत नाही. ऐकलेल्याचा आशय व भावना तो आपल्या शब्दांत परत मांडतो आणि आपल्याला नीट समजले का, हे पडताळून पाहतो.

टीका

या अटी उपचारासाठी पुरेशा आहेत, असे रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडले. त्या उपयुक्त असल्या तरी पुरेशा नाहीत, असा आक्षेप अनेक अभ्यासक घेतात. तीव्र मनोविकारांत औषधोपचाराची जोड लागते. तरीही उपचारक व सल्लार्थी यांच्यातील नात्याचे महत्त्व आज इतर उपचारपद्धतीही मान्य करतात.