सभेच्या कडेचा श्रोता

१९३१ च्या मार्च महिन्यांत कराची येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें, तेव्हां वक्त्यांचा आवाज त्या अफाट समुदायापर्यंत पोहोंचविण्याचें काम मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांनीं अंगावर घेतलें. तत्पूर्वीं गांधीजींसारख्या मृदु आवाजाच्या वक्त्याचें भाषण ऐकणें हें पुढच्या रांगांचेंच भाग्य असे. हें काम निर्धोकही नव्हतें. १९४२ मधील गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यांत मोटवाने यांस आरोपी व्हावें लागलें. त्यांतून ते निर्दोष सुटले.

परंतु आवाज मोठा करणें निराळें आणि तो सर्वांस सारखा पोहोंचविणें निराळें. कर्ण्यासमोर बसलेल्यास भाषण स्पष्ट ऐकूं येई. बाजूस बसलेल्यास आवाज येई, पण शब्द उमगत नसे. याचें कारण लहरींच्या लांबींत आहे. चिंचणीसारख्या किनाऱ्यावर पाहावें: दोन खडकांमधून शिरणारी लांब लाट पलीकडे चहूंकडे पसरते, बारीक तरंग मात्र सरळ पुढें जातात. ध्वनीचेंही तसेंच. सेकंदास १०० कंपनांच्या स्वराची लहर सुमारें ३·४ मीटर लांब, तर १०,००० कंपनांची अवघी ३·४ सेंटिमीटर! पहिली कर्ण्यांतून निघतांच पसरते. दुसरी झोतासारखी जाते. 'स', 'श' यांसारखीं व्यंजनें उंच कंपनांचीं असल्यामुळें कडेच्या श्रोत्यापर्यंत तीं पोहोंचतच नाहींत.

पुढें अनेक लाउडस्पीकर एकावर एक रचून स्तंभ उभारण्यांत येऊं लागले. त्यायोगें आवाज आकाशांत वायां जाईना. परंतु उंच कंपनांस झोत पुन्हां अरुंद होई. हा पेंच अमेरिकन नौदलाच्या पाण्याखालील ध्वनिसंशोधनांत सुटला. वक्र पृष्ठभागाच्या मध्यावर पूर्ण जोर ठेवून कडांकडे तो क्रमाक्रमानें उतरवीत नेल्यास, रचनेच्या मानानें आंखूड असलेल्या सर्व लहरींचा झोत जवळजवळ सारख्याच रुंदीचा राहतो, असें रॉजर्स व व्हॅन ब्यूरन यांनीं १९७८ सालीं दाखविलें. डॉन कील यांनीं २००० सालीं हेंच तत्त्व कमानीसारख्या रचलेल्या लाउडस्पीकरांस लागू केलें.

कडेच्या श्रोत्यास शब्द कळावा म्हणून रचनेच्या कडेचा आवाज उतरवावा लागतो, ही गोष्ट प्रथमदर्शनीं उलटी वाटते. पण कराचीच्या सभेंत आरंभलेलें काम केवळ जोर वाढवून पुरें होणारें नव्हतें. तो जोर योग्य प्रमाणांत वांटावयाचा होता.