जामीन मंजूर, तरी सुटका का नाही? गरीब आरोपी तुरुंगात जास्त दिवस का राहतो

समजा, कल्याणमध्ये एकाच दिवशी चोरीच्या आरोपाखाली दोघांना अटक झाली. दोघांवर कलम एकच आणि दोघांचाही हा पहिलाच गुन्हा. एकाचं डोंबिवलीत स्वतःच्या नावावर घर आहे, भाऊ कायमस्वरूपी नोकरीला आहे. दुसरा रोज सकाळी नाक्यावर कामासाठी उभा राहतो आणि चाळीत भाड्याने राहतो, त्याचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे. न्यायालयाने दोघांनाही १५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर आणि तितक्याच रकमेच्या एका जामीनदारावर जामीन मंजूर केला.

पहिला दोन दिवसांत घरी पोहोचतो. दुसरा कित्येक आठवडे, कधी कधी कित्येक महिने आधारवाडी कारागृहातच राहतो.

कायदा दोघांना सारखाच लागू झाला, न्यायाधीशांनी भेदभाव केला नाही, मग फरक कुठे पडला? गरिबी आणि जात यांचा फौजदारी न्यायव्यवस्थेवर परिणाम कसा होतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करायला हवी.

ठाणे आणि कल्याणच्या तुरुंगांत किती गर्दी आहे?

ठाणे मध्यवर्ती कारागृह एका जुन्या किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी देण्यात आली.

या कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ कैद्यांची आहे. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत इथली कैद्यांची संख्या चार हजारांच्या आसपास राहिली आहे. कल्याणच्या आधारवाडी जिल्हा कारागृहाची क्षमता सुमारे ५४० आहे आणि तिथेही तिच्या तिपटीहून जास्त कैदी ठेवले गेले आहेत.

यातले बहुतेक जण शिक्षा झालेले गुन्हेगार नसून कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा खटला अजून सुरू आहे आणि गुन्हा सिद्ध झालेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे जवळपास ७६ टक्के, कच्चे कैदी होते.

हे कच्चे कैदी कोण आहेत?

देशातल्या कच्च्या कैद्यांपैकी साधारण दोन तृतीयांश जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जातींचं प्रमाण १६.६ टक्के आहे, तर कच्च्या कैद्यांमध्ये ते २० टक्क्यांच्या पुढे जातं. मुस्लिमांचं लोकसंख्येतलं प्रमाण १४.२ टक्के आहे आणि कच्च्या कैद्यांमध्ये ते १८ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. शिक्षणाचं चित्रही असंच आहे. बहुतेक कैदी निरक्षर आहेत किंवा दहावीपर्यंतही पोहोचलेले नाहीत.

केवळ या आकड्यांवरून प्रत्येक प्रकरणात भेदभाव झाला, असं म्हणता येत नाही. पण अटकेपासून सुटकेपर्यंतची वाट पाहिली, तर हे आकडे असे का आहेत ते कळतं.

पहिला टप्पा: संशय कोणावर येतो?

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यामुळे पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेचं कुंपण घातलेल्या वसाहतींत त्यांना ठेवलं गेलं. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच या समाजांना ‘विमुक्त’ म्हणतात. पण नंतर राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले आणि जुना संशय नव्या नावाने टिकून राहिला. परिसरात चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही सवय कायदा गेला तरी गेली नाही.

तुरुंगाच्या आतही जात पोहोचली होती. अनेक राज्यांच्या कारागृह नियमांत सफाईचं काम कोणी करायचं आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे जातीवरून ठरत होतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरवले. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेशही दिला.

दुसरा टप्पा: वकील कधी भेटतो?

अटक झाल्यावर २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं आहे. पण हा मुद्दा पहिल्याच दिवशी मांडायला वकील हवा.

पैसे असलेल्याचा वकील पोलीस ठाण्यातच पोहोचतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला अनेकदा वकील न्यायालयात पहिल्यांदा दिसतो, तोही काही मिनिटांपुरता. आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या घरच्यांना न्यायालयात यायचं तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते.

तिसरा टप्पा: जामीनदार कुठून आणायचा?

जामीन मिळणं आणि सुटका होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जामीनदार म्हणजे आरोपी हजर राहील याची हमी घेणारा माणूस. आरोपी पळून गेला, तर ठरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून न्यायालय त्याची ऐपत तपासतं. त्यासाठी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, मालमत्ता कराची पावती, पगाराची स्लिप, रेशनकार्ड अशी कागदपत्रं मागितली जातात.

ठाणे जिल्ह्यात हीच मोठी अडचण आहे. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, दिवा या पट्ट्यात लाखो लोक बाहेरून येऊन राहिलेले आहेत. अनेकांचं घर भाड्याचं आहे, किंवा अनधिकृत इमारतीत आहे. रेशनकार्ड गावाकडचं असतं. मुरबाड-शहापूर भागातली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर कामाला जातात आणि वर्षातले कित्येक महिने घरापासून लांब असतात. अशा माणसाचे ओळखीचे लोकही त्याच्यासारखेच असतात. ‘स्थानिक जामीनदार’ आणायचा म्हटलं, तर तो आणणार कुठून?

हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. दंडाधिकाऱ्यांनी मात्र १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला. शिवाय त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे चुकीचं ठरवलं आणि त्याला १ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून त्याचा जामीनदार नाकारायचा नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधले असे कच्चे कैदी समोर आले, जे त्यांच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत होते. जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं तेव्हा न्यायालयाने म्हटलं.

आत राहिल्याने खटल्यावर काय परिणाम होतो?

बाहेर असलेला आरोपी वकिलाला भेटतो, साक्षीदार शोधतो, कामावर जातो. आत असलेल्याला यातलं काहीच करता येत नाही. मजुरी बंद होते, घरभाडं थकतं, मुलांची शाळा सुटते. मतदानाचा हक्कही तुरुंगात असेपर्यंत वापरता येत नाही.

किरकोळ गुन्ह्यात यातून आणखी एक पेच तयार होतो. होणाऱ्या शिक्षेइतके दिवस आतच गेले असतील, तर खटला लढण्यापेक्षा गुन्हा कबूल करून बाहेर पडणं सोपं वाटतं. त्यामुळे निर्दोष माणूसही कबुली देऊ शकतो. मग पुढच्या वेळी कुठे संशय आला की ‘याच्यावर आधीचा गुन्हा आहे’ हे कारण जामिनाच्या आड येतं.

हे फक्त भारतातच घडतं का?

नाही. अमेरिकेत जामिनासाठी रोख रक्कम भरायची पद्धत अनेक राज्यांत आहे. न्यूयॉर्कमधल्या कॅलिफ ब्राउडर या १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला २०१० मध्ये एक बॅग चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. जामिनाची रक्कम ३ हजार डॉलर होती आणि त्याच्या घरच्यांना ती भरता आली नाही. तो तीन वर्षं रायकर्स बेटावरच्या तुरुंगात राहिला. खटला चाललाच नाही, आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. सप्टेंबर २०२३ मध्ये इलिनॉय राज्याने रोख जामिनाची पद्धत पूर्णपणे बंद केली. तिथे वंश आणि गरिबी एकत्र येतात, तर आपल्याकडे जात, जमात, धर्म आणि गरिबी एकत्र येतात.

मग कायद्यात गरिबासाठी काहीच नाही का?

आहे, पण माहीत असावं लागतं.

• मोफत वकील: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि मुलांनाही तो आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

• जामीनपात्र गुन्हा: अटकेनंतर आठवडाभरात आरोपी जामीनदार देऊ शकला नाही, तर तो गरीब आहे असं मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ सांगतं.

• जामीन मिळूनही सुटका नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका रखडते, म्हणून ती अट लादू नये, असंही त्यात म्हटलं आहे.

• निम्मी किंवा एक तृतीयांश मुदत: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायला हवं. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणजे पहिल्या गुन्ह्यात एक वर्ष. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची आहे. मात्र फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील, तरी हा लाभ मिळत नाही.

• सरकारी मदत: केंद्र सरकारने २०२३ मध्ये ठरवलेल्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती.

घरच्यांनी काय करायचं?

जामिनाच्या आदेशाची प्रत घ्या आणि त्यातल्या अटी वकिलाकडून समजून घ्या. जामीनदार मिळत नसेल, तर गप्प बसू नका. जातमुचलक्यावर सोडावं, रक्कम कमी करावी किंवा काही आठवड्यांसाठी रोख रकमेवर सोडावं, असा अर्ज करता येतो. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा तुरुंगातूनच अर्ज करायला सांगा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातल्या कैद्यांसोबत काम करतो.

नाक्यावरच्या त्या मजुराला कोणत्याही न्यायाधीशाने दोषी ठरवलेलं नाही. उलट त्याला सोडा, असाच आदेश दिला आहे. तरीही तो आत आहे, कारण ऐपतीचा दाखला असलेला एकही माणूस त्याच्या ओळखीचा नाही. असं कोणी तुमच्या चाळीत, इमारतीत किंवा कामावर असेल, तर त्याच्या घरच्यांपर्यंत १५१०० हा नंबर नक्की पोहोचवा.